सह्याद्रीच्या अल्याड-पल्याड : मुंबई दूरदर्शनची पन्नास वर्षे

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी मराठी दोन वाटांनी यायची : पोस्टमनच्या थैलीतून आणि पंजाब मेलने. थैलीतून मासिके आणि पत्रे यायची. पंजाब मेलने मामा-मावश्या यायच्या आणि त्यांच्या तोंडची ताजी मुंबई यायची. १९७२ च्या दिवाळीनंतर दादरच्या मामांचे पत्र आले. शेजारच्या बिऱ्हाडात टेलिव्हिजन आला आहे आणि त्यावर माणसे चक्क मराठीत बोलतात, असे त्यांनी लिहिले होते. आईने ते पत्र दोनदा मोठ्याने वाचून दाखवले. आम्हा मुलांना त्यातले 'चक्क' तेवढे कळले.

मुंबईच्या वरळी केंद्राहून निघणाऱ्या टेलिव्हिजनच्या लहरी आमच्यापर्यंत पोहोचणे शक्य नव्हते. मुंबई ते ग्वाल्हेर हा रेल्वेचा रस्ताच बाराशे किलोमीटरचा. आज त्याच केंद्राच्या मराठी बातम्या मी लष्करातल्या घरी बसून पाहतो. त्या पत्रापासून आजच्या बातम्यांपर्यंतचा काळ म्हणजे या केंद्राची पन्नास वर्षे. प्रक्षेपण मनोऱ्याच्या टप्प्याबाहेर राहणाऱ्या बृहन्महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाने हा इतिहास लिहावा, असे सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या संपादकांनी सुचवले. तो मान मोठा आहे, आणि जबाबदारीही.

पूर्वपीठिका : १९५९ ते १९७२

भारतात टेलिव्हिजन सुरू झाला तो १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत. युनेस्कोच्या मदतीने चाललेला तो प्रयोग होता आणि आकाशवाणीचाच एक विभाग म्हणून त्याचा कारभार चाले. त्या आरंभकाळात पु. ल. देशपांडे दिल्लीत या कामात होते, ही मराठी माणसाला अभिमानाची गोष्ट आहे. रोजचे प्रसारण १९६५ साली सुरू झाले. २६ जानेवारी १९६७ पासून 'कृषिदर्शन' दिल्लीभोवतालच्या खेड्यांत दिसू लागले. तरीही पहिली तेरा वर्षे देशात टेलिव्हिजन म्हणजे फक्त दिल्ली.

दुसरे केंद्र मुंबईला मिळाले. २ ऑक्टोबर १९७२, गांधीजयंतीचा दिवस. महाराष्ट्र त्या वर्षी भीषण दुष्काळात होरपळत होता. गावोगावी रोजगाराची कामे निघाली होती. दुसरीकडे मुंबई-पुण्याची मराठी रंगभूमी नव्या नाटकांनी ढवळून निघाली होती. विजय तेंडुलकरांची 'सखाराम बाइंडर' आणि 'घाशीराम कोतवाल' ही दोन्ही नाटके त्याच वर्षी रंगमंचावर आली. पाण्यासाठी वणवण करणारा शेतकरी आणि नवे काही शोधणारा कलावंत, या दोघांच्या महाराष्ट्रात हे केंद्र जन्मले. पुढच्या पन्नास वर्षांत त्याने या दोघांचाही हात सोडला नाही.

पहिले दशक : १९७२ ते १९८२

केंद्राचे पहिले संचालक पी. व्ही. कृष्णमूर्ती. आकाशवाणीत मुरलेले, संगीताची उत्तम जाण असलेले आणि माणसे ओळखणारे. नाटक, साहित्य, वृत्तपत्रे, शिक्षण आणि आकाशवाणी अशा निरनिराळ्या क्षेत्रांतली मंडळी या केंद्रात एकत्र आली. त्यांच्यापैकी बहुतेकांनी टेलिव्हिजन कॅमेरा याआधी जवळून पाहिलेलाही नव्हता. शिकवणारे थोडे होते आणि सगळेच शिकत होते.

शिकायचे होते ते वेगळेच. रंगमंचावरच्या नटाला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवायची सवय. इथे प्रेक्षक चार हातांवर, घरातल्या पाटावर बसलेला. मोठा हावभाव त्या छोट्या पडद्यावर कर्कश वाटे. आकाशवाणीवरून आलेल्या निवेदकाला कागद पाहून सुंदर वाचता येई. इथे कागदावरून नजर उचलून समोरच्या काचेत पाहायचे, आणि त्या काचेपलीकडे आपलेच कोणी आहे असे मानून बोलायचे. नेपथ्यकाराला रंगांऐवजी करड्या छटांत विचार करावा लागे, कारण चित्र कृष्णधवल होते. बरेच कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत. चुकले तर चुकले, पुन्हा घेणे नाही. पॅनेलवर बसलेला निर्माता, फ्लोअर मॅनेजर, कॅमेरामन, ध्वनी आणि प्रकाश सांभाळणारे तंत्रज्ञ, रंगभूषाकार या सगळ्यांचे श्वास एका ठेक्यात आल्याशिवाय अर्धा तास पार पडत नसे. मध्येच यंत्राने दगा दिला की पडद्यावर 'व्यत्यय' ही पाटी यायची. प्रेक्षक ती पाटीही समोरून न उठता पाहत बसायचे. आत स्टुडिओत त्या पाटीच्या प्रत्येक सेकंदाला कोणीतरी तारा तपासत घामाघूम झालेले असायचे.

प्रसारण संध्याकाळचे, काही तासांचे. त्या तासांत मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी या चारही भाषांना जागा द्यायची होती, कारण मुंबई या चारही भाषांची. तबस्सुम यांचा 'फूल खिले हैं गुलशन गुलशन' १९७२ मध्येच सुरू झाला आणि १९९३ पर्यंत चालला. हिंदी चित्रपटगीतांच्या 'छायागीत'च्या वेळी रस्ते मोकळे पडत. गुजराती मुलांसाठी 'संताकूकडी', इंग्रजी शब्दांच्या खेळाचा 'व्हॉट्स द गुड वर्ड' आणि मराठी मुलांसाठी 'किलबिल' होते. गृहिणींसाठी 'सुंदर माझं घर', तरुणांसाठी 'युवदर्शन' आणि गिरणी-कारखान्यांतल्या श्रमिकांसाठी 'कामगार विश्व' होते. शहरातला प्रत्येक थर आठवड्यातून एकदा तरी पडद्यावर स्वतःला पाहू शकत होता. 'साप्ताहिकी' लागली की येणाऱ्या आठवड्याचे बेत घराघरांत ठरायचे.

शेतकऱ्यांसाठीच्या 'आमची माती, आमची माणसं' या कार्यक्रमाचे नावच पुरेसे बोलके होते. बी-बियाणे, खते, रोगराई, बाजारभाव, जोडधंदे असे विषय त्यात शेतकऱ्याच्याच बोलीत यायचे. तज्ज्ञ आणि शेतकरी शेजारी-शेजारी बसायचे आणि शेतकऱ्याचा प्रश्न तज्ज्ञाच्या उत्तराइतकाच महत्त्वाचा मानला जायचा. दुष्काळाच्या वर्षी जन्मलेल्या केंद्राला हे शोभणारेच होते.

निर्माते आकाशानंद यांच्या 'ज्ञानदीप'ने एक पाऊल पुढे टाकले. हा कार्यक्रम बघून सोडून द्यायचा नव्हता. तो पाहणाऱ्यांनी गावोगावी, वस्त्यावस्त्यांत 'ज्ञानदीप मंडळे' काढली. लोक एकत्र बसून कार्यक्रम पाहत, मग चर्चा करत आणि जमेल ते काम हाती घेत. प्रेक्षकाला कार्यकर्ता करणारा असा प्रयोग देशातल्या टेलिव्हिजनच्या इतिहासात विरळा आहे. खेड्यांसाठीचा उपग्रह-प्रयोग 'साइट' १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात मध्य प्रदेशासह सहा राज्यांतल्या २४०० गावांत झाला. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. पण पडद्यापुढे गाव गोळा करायचे आणि गावाने मग स्वतः उठायचे, हे मराठी माणसांनी 'ज्ञानदीप'च्या उजेडात आपल्या बळावर करून दाखवले.

साहित्य आणि कलेच्या बाजूला सुहासिनी मुळगावकरांचा 'प्रतिभा आणि प्रतिमा' होता. एकपात्री 'सौभद्र' करणाऱ्या या विदुषीने लेखक-कलावंतांना बोलते करण्याची एक रीत घालून दिली : प्रश्न छोटा, ऐकणे मोठे. अरुण काकतकरांच्या 'शब्दांच्या पलीकडले'ने मराठी भावगीताला पडद्यावर मानाचे आसन दिले. विनायक चासकरांच्या हातून गुंफल्या गेलेल्या 'गजरा'त छोट्या नाटिका, विनोद आणि गाणी एकत्र फुलायची. पुढे रंगभूमी आणि चित्रपट गाजवणाऱ्या कित्येक नटांचे चेहरे महाराष्ट्राने पहिल्यांदा पाहिले ते या छोट्या पडद्यावर. सत्तरीच्या उत्तरार्धात चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ अवतरले. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे या जोडीने ती माणसे पुस्तकातून अशी बाहेर काढली की पुढे पुस्तक वाचतानाही तेच चेहरे दिसू लागले.

मी मुंबई दूरदर्शन पहिल्यांदा पाहिले ते याच काळात, उन्हाळ्याच्या सुट्टीत, दादरच्या चाळीत. टीव्ही एका बिऱ्हाडात आणि प्रेक्षक साऱ्या मजल्याचे. मुले जमिनीवर, बायका दारात आणि पुरुष गॅलरीत खिडकीच्या गजांना धरून. चिमणरावांवर सगळी चाळ एकाच वेळी हसली. इतक्या माणसांना एकत्र, मराठीत हसताना मी ग्वाल्हेरात कधी ऐकले नव्हते. परतीच्या गाडीत मला तो पडदा आठवला नाही, ते हसणे आठवत राहिले.

आणि बातम्या. विश्वास मेहेंदळे, भक्ती बर्वे, अनंत भावे, स्मिता पाटील, चारुशीला पटवर्धन, प्रदीप भिडे ही नावे घरातल्या माणसांसारखी झाली. बातम्या वाचणाऱ्या स्मिता पाटील यांच्याकडे श्याम बेनेगल यांचे लक्ष गेले आणि भारतीय चित्रपटाला एक थोर अभिनेत्री मिळाली. १९७४ पासून चार दशके प्रदीप भिडे यांचा आवाज मराठी बातम्यांचा आवाज होता. जून २०२२ मध्ये ते गेले तेव्हा घरातला एक वडीलधारा माणूस गेल्यासारखे वाटले. मराठीचे उच्चार, शब्दांवरचे वजन, वाक्याच्या शेवटी घ्यायचा विसावा हे सारे एका पिढीने या मंडळींकडून न कळत उचलले. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत मुले त्यांची नक्कल करत. त्या नकलेतून प्रमाण मराठी खेड्यापाड्यांत पोहोचली.

लहरींच्या प्रवासात मात्र एक भिंत आडवी होती. टेलिव्हिजनच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, डोंगर ओलांडत नाहीत. वरळीचा सुमारे तीनशे मीटर उंच मनोरा मुंबई आणि आसपासचा मुलूख सांभाळत होता, पण मुंबई आणि पुण्याच्या मध्ये सह्याद्री उभा होता. उपाय मराठी इतिहासाला साजेसाच निघाला. पहिल्या वर्धापनदिनी, २ ऑक्टोबर १९७३ रोजी, सिंहगडावरून सहक्षेपण सुरू झाले आणि पुण्याच्या छपरांवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचे अँटेना उगवले. ज्या गडावर तानाजी चढला, त्या गडावर अभियंते यंत्रसामग्री घेऊन चढले. पावसाळ्यात धुक्यात आणि वाऱ्यात तिथे मुक्काम करून ज्यांनी प्रक्षेपण चालू ठेवले, त्या तंत्रज्ञांची नावे श्रेयनामावलीत कधी आली नाहीत. ही स्मरणिका त्यांचीही आहे.

१९७४ साली पुण्याच्या चित्रपट संस्थेत टेलिव्हिजनचा प्रशिक्षण विभाग आला आणि शिकलेल्या तंत्रज्ञांची पहिली फळी जवळच तयार होऊ लागली. १ जानेवारी १९७६ पासून पडद्यावर जाहिराती दिसू लागल्या. १ एप्रिल १९७६ रोजी दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले आणि त्याला स्वतःचे बोधचिन्ह व धून मिळाली. या नव्या संस्थेच्या पहिल्या महासंचालकपदी गेले ते पी. व्ही. कृष्णमूर्तीच. मुंबईने आपला पहिला संचालक देशाला दिला.

या काळातली एक खंत नोंदवणे भाग आहे. चित्रफिती महाग होत्या, म्हणून एका कार्यक्रमाची फीत पुसून तिच्यावर दुसरा मुद्रित केला जाई. त्या वेळी दुसरा मार्ग नव्हता. पण कितीतरी मुलाखती, नाटिका आणि गाणी त्यामुळे आता फक्त पाहणाऱ्यांच्या आठवणीत उरली आहेत. जे वाचले ते कोणीतरी जपले म्हणून. कपाटात फिती जपणाऱ्या त्या हातांचे ऋण मोठे आहे.

दुसरे दशक : १९८२ ते १९९२

१५ ऑगस्ट १९८२ रोजी रंगीत प्रसारण आणि दिल्लीहून देशभर जाणारा राष्ट्रीय कार्यक्रम एकाच दिवशी सुरू झाले. त्या वर्षअखेरीच्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी ही तयारी होती. मुंबईच्या स्टुडिओत सारे पुन्हा शिकणे आले. कृष्णधवल पडद्यासाठी केलेली रंगभूषा रंगीत कॅमेऱ्यात भडक दिसे, साडीचा लाल रंग पसरे, जुने नेपथ्य उघडे पडे. दहा वर्षांच्या अनुभवी माणसांनी पुन्हा विद्यार्थी होऊन नवे तंत्र आत्मसात केले.

राष्ट्रीय कार्यक्रमामुळे रात्रीचे मोक्याचे तास दिल्लीकडे गेले आणि केंद्राच्या स्वतःच्या वेळेवर मर्यादा आल्या. थोडी ओढाताण झाली, मते-मतांतरेही झाली. सर्वांनी समजुतीने वाट काढली आणि कमी वेळात अधिक नेटके करण्याची सवय लागली. १९८५ साली मुंबईला दुसरी वाहिनी मिळाली. नागपूर आणि पुणे इथेही दूरदर्शनचे काम उभे राहिले आणि मराठी कार्यक्रमांना विदर्भाचे आणि देशावरचे नवे चेहरे आणि आवाज मिळाले.

याच दशकात देशभर प्रक्षेपण केंद्रांचे जाळे झपाट्याने विणले गेले आणि टेलिव्हिजन अखेर आमच्या ग्वाल्हेरच्या घरातही आला. २५ जून १९८३ चा क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना, १९८४ पासून 'हम लोग', मग 'रामायण' आणि 'महाभारत' हे सारे आम्हीही देशाबरोबर पाहिले. मात्र मालिका साऱ्या हिंदीत. त्या मालिकांच्या श्रेयनामावलीत मराठी आडनावे दिसली की आई ती मोठ्याने वाचायची. मुंबईत कार्यक्रम घडवणारे हात मराठी आहेत हे आम्हाला दिसत होते, पण त्या हातांची भाषा अजून विंध्य ओलांडून आलेली नव्हती. सुट्टीत मुंबईला गेलो की मामांच्या घरी, आता त्यांच्या स्वतःच्या रंगीत संचावर, मराठी बातम्या आणि शनिवारचा मराठी चित्रपट पाहायचा आणि त्यावर वर्ष काढायचे.

दशकाच्या अखेरीस ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' मालिकेच्या रूपाने आला. चिं. वि. जोशींनंतर मराठीतले आणखी एक घरगुती पुस्तक पडद्यावर उतरले. पुस्तकांकडे परत जाण्याची ही खोड केंद्राने कधी सोडली नाही, आणि ती चांगली खोड आहे.

तिसरे दशक : १९९२ ते २००२

२ ऑक्टोबर १९९२. केंद्राचा विसावा वाढदिवस आणि त्याच दिवशी देशातली पहिली खासगी हिंदी उपग्रह वाहिनी, झी टीव्ही, सुरू झाली. गल्लोगल्ली केबलच्या तारा लोंबू लागल्या. आतापर्यंत प्रेक्षकापुढे दूरदर्शन हा एकच पर्याय होता. आता त्याच्या हातात रिमोट आला.

त्याच सुमारास टेलिव्हिजनच्या स्वातंत्र्याचा जुना प्रश्नही मार्गी लागत होता. वर्गीस समितीने १९७८ साली आकाशवाणी-दूरदर्शनला स्वायत्तता देण्याची शिफारस केली होती. प्रसार भारती कायदा १९९० मध्ये संमत झाला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निकाल दिला. सरकारचीही मक्तेदारी नको आणि बाजाराचीही नको, लहरी लोकांच्या आहेत, हा त्या निकालाचा गाभा. २३ नोव्हेंबर १९९७ रोजी प्रसार भारती प्रत्यक्षात आली आणि मुंबई दूरदर्शन या सार्वजनिक महामंडळाचा भाग झाले. वरळीत काम करणाऱ्यांनी 'ज्ञानदीप' आणि 'आमची माती, आमची माणसं'मधून हे तत्त्व कायदा होण्याच्या कितीतरी आधीपासून पाळले होते.

मराठीसाठी या दशकातली सर्वांत मोठी घटना मात्र १९९४ ची. त्या वर्षी केंद्राची मराठी वाहिनी उपग्रहावर गेली. वरळीचा मनोरा आणि सिंहगडाचे सहक्षेपण जिथे थांबत होते तिथून पुढे आता आकाश मोकळे झाले. २००० साली वाहिनीला नाव मिळाले ते 'सह्याद्री'. ज्या पर्वताने पहिल्या वर्षी लहरी अडवल्या, त्याचेच नाव घेऊन वाहिनी विंध्य-सातपुडा ओलांडून निघाली. याहून नेमके नाव सुचणे कठीण होते.

ग्वाल्हेरात आमच्या गल्लीतल्या मराठी घरांनी मिळून केबलवाल्याला गळ घातली. मध्य प्रदेशात मराठी वाहिनी जोडण्याचे बंधन त्याच्यावर नव्हते. तो हसला, मग एक दिवस जोडून दिली. त्या संध्याकाळी आई बातम्यांच्या वेळेआधीच संचासमोर येऊन बसली. दादरच्या त्या पत्रानंतर बावीसहून अधिक वर्षांनी बातम्या मराठीत आमच्या घरी आल्या. ती काही बोलली नाही. दिवा लावायला मात्र त्या दिवशी उशीर झाला.

प्रतीक्षा लोणकर यांची 'दामिनी' ही मराठीतली पहिली दैनंदिन मालिका याच काळात सह्याद्रीवर गाजली. एका पत्रकार स्त्रीची ती कथा रोज दुपारी बृहन्महाराष्ट्रातल्या घरांनाही बांधून ठेवू लागली. १९९९ मध्ये अल्फा मराठी आणि २००० मध्ये ईटीव्ही मराठी या खासगी वाहिन्या आल्या. त्यांच्या उभारणीत मुंबई दूरदर्शनच्या मुशीत घडलेले लेखक, दिग्दर्शक, तंत्रज्ञ आणि कलावंत होते. इथून शिकून कोणी गेले तरी विद्या मराठीतच राहिली.

चौथे दशक : २००२ ते २०१२

स्पर्धेच्या या दशकात सह्याद्रीने आपले घर नेटके ठेवले. मनोरंजनाचे घोडे सगळेच दामटत होते. शेती, आरोग्य, साहित्य, शास्त्रीय संगीत, लोककला आणि बालशिक्षण यांना रोज वेळ देणे मात्र सार्वजनिक वाहिनीलाच परवडते आणि तिचेच ते कर्तव्य आहे. 'हॅलो सखी'त स्त्रिया दूरध्वनीवरून आपल्या अडचणी मोकळेपणाने मांडू लागल्या. 'ताक धिना धिन'मध्ये गाण्यांच्या निमित्ताने सामान्य कुटुंबे पडद्यावर आली. विक्रम गोखले यांच्या 'दुसरी बाजू'ने नामवंतांच्या मुलाखतींना सावकाश आणि अंतर्मुख रूप दिले. साहित्य, संगीत, नाट्य, समाजसेवा अशा क्षेत्रांतल्या मान्यवरांना 'नवरत्न' आणि कर्तबगार स्त्रियांना 'हिरकणी' पुरस्कार देण्याची प्रथा रुजली.

डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची 'डीडी डायरेक्ट प्लस' ही मोफत डीटीएच सेवा सुरू झाली. एकदा छपरावर छत्री बसवली की महिन्याचे भाडे नाही, अशी ही सोय. शहरातल्या प्रेक्षकाला तिचे मोल कदाचित जाणवणार नाही, पण गडचिरोलीतल्या शेतकऱ्यासाठी आणि ग्वाल्हेरातल्या निवृत्त मराठी शिक्षकासाठी ते दार होते. केबलवाल्याची मर्जी संपली. सह्याद्री आता आमच्या छतावर थेट उतरू लागली.

संगीताच्या दृष्टीने मला यात एक फेड दिसते. ग्वाल्हेरची गायकी इचलकरंजीच्या बाळकृष्णबुवांनी (१८४९–१९२६) उत्तरेत राहून, कष्टाने शिकून महाराष्ट्रात नेली. त्यांच्या शिष्यपरंपरेने ती मिरज, सांगली, पुणे, मुंबईत रुजवली. शंभर वर्षांनी त्या परंपरेतली गाणी वरळीच्या स्टुडिओतून आकाशमार्गे पुन्हा ग्वाल्हेरला येऊ लागली. आमच्या शहराने दिलेले ऋण महाराष्ट्राने व्याजासह परत केले.

पाचवे दशक : २०१२ ते २०२२

या दशकात पडदा खिशात आला. केंद्राने यूट्यूबवर आपली वाहिनी सुरू केली आणि वाचलेल्या जुन्या फितींमधले कार्यक्रम नव्या पिढीपुढे येऊ लागले. एकेकाळी मजल्याभरची माणसे ज्या पडद्यापुढे जमायची, तो पडदा आता परदेशातली नातवंडे आजीबरोबर एका हातात धरून पाहतात. जमिनीवरचे जुने ॲनालॉग प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने थांबले. मनोऱ्याने आपले काम उपग्रहाच्या आणि इंटरनेटच्या हाती सोपवले.

मग २०२० साल आले. शाळांची दारे बंद झाली आणि लाखो मुले घरात अडकली. सगळ्यांकडे मोबाइल नव्हता, इंटरनेट नव्हते, टीव्ही होता. जुलै २०२० मध्ये पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही मालिका सह्याद्रीवरून सुरू झाली. परिसरातल्या साध्या वस्तूंतून, खेळातून, आई-बाबांच्या मदतीने शिकण्याचे धडे रोज ठरलेल्या वेळी घराघरांत पोहोचले. मुलाला घरी बसून शिकवायचे आणि घरच्यांना त्यात ओढायचे, हे पाहून मला 'ज्ञानदीप'ची मंडळे आठवली. पडद्याने माणसे एकत्र करायची आणि मग माणसांनी स्वतः उठायचे. पहिल्या दशकात लावलेला दिवा अवघड वर्षात पुन्हा कामी आला.

आज आणि उद्या

आज सह्याद्रीवर बातम्या, शेती, आरोग्य, साहित्य, संगीत, महिला आणि बालविश्व यांचे कार्यक्रम रोज चालू आहेत. मराठी वाहिन्यांच्या गर्दीत आवाज चढवण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. मुंबई दूरदर्शनचा आवाज मात्र पहिल्यापासून घरात बोलण्याच्या पट्टीतला राहिला आहे. त्याची किंमत गर्दीत असताना कळत नाही. घरापासून लांब गेल्यावर कळते. परप्रांतात राहणाऱ्या आमच्यासारख्यांना ती पन्नास वर्षे कळते आहे.

या प्रवासाचे श्रेय कोणा एकाचे नाही. संचालक आणि निर्माते, वृत्तनिवेदक आणि निवेदिका, लेखक, अभिनेते, गायक-वादक यांची नावे लोकांना माहीत आहेत. तितकाच मोठा वाटा कॅमेऱ्यामागच्या, ध्वनीच्या पाटीमागच्या, संकलनाच्या टेबलावरच्या, प्रकाशाच्या शिडीवरच्या, नेपथ्याच्या हातोड्याच्या, रंगभूषेच्या आरशासमोरच्या, ओबी व्हॅनच्या चाकामागच्या आणि सिंहगडाच्या धुक्यातल्या माणसांचा आहे. आणि प्रेक्षकांचाही. चाळीच्या गॅलरीत उभ्या राहिलेल्या, पत्रे लिहिलेल्या, 'ज्ञानदीप' मंडळे चालवलेल्या प्रेक्षकांनी हे केंद्र वाढवले. 

आई आता नव्वदीच्या घरात आहे. नजर अधू झाल्याने चित्र तिला नीट दिसत नाही. तरी संध्याकाळी मराठी बातम्यांच्या वेळी ती संचाजवळ खुर्ची ओढून बसते आणि ऐकते. परवा तिला विचारले, "दिसत नाही, मग कशाला बसतेस?" ती म्हणाली, "दादाच्या पत्रात होतं ना, माणसं मराठीत बोलतात म्हणून. तेच ऐकते."